शोधलं ‘वऱ्हाडी’, सापडलं काहीच नाही

‘ताई, नमस्कार. मी नागपूरचाच, वय २६. गायत्रीनगरच्या आयटी पार्कमधल्या एका लहान कंपनीत तीन वर्षांपासून वेब डेव्हलपर आहे. आमचे क्लायंट बहुतेक इथलेच. इतवारीतले कापड व्यापारी, दोन क्लासेस, एक पतसंस्था आणि मसाले-लोणची विकणारं एक दुकान. काम करता करता मला रोज काहीतरी नवं सापडतं. कधी रंगांची जोडी काढून देणारी साइट, कधी रेगेक्स तपासणारी, कधी ब्राउझरमध्येच दडलेला एखादा पर्याय. मी ते बुकमार्क करून ठेवतो. सहाशेच्या वर झालेत. आमचे सर म्हणतात, “काहून टाइम खराब करून राहिला बे?” पुण्याचे जिजाजी म्हणतात, एकच फ्रेमवर्क, म्हणजे साइट बांधायचा एकच तयार सांगाडा, धर आणि त्यात पक्का हो. रात्री मलाही वाटतं, माझ्या बॅचची मुलं पुण्या-हैदराबादला कुठल्या कुठे गेली आणि मी चिल्लर गोळा करत बसलोय. ही सवय सोडू का? दुसरं, सापडलेलं मराठीत लिहून ठेवावंसं वाटतं, पण मित्र म्हणतात, टेक्निकल गोष्टी मराठीत कोण वाचतं. जाता जाता एक. मागच्या आठवड्यात मसाल्याच्या दुकानाच्या सर्चने माझे दोन दिवस खाल्ले. ग्राहक “वऱ्हाडी” टाइप करतो, वऱ्हाडी मसाला यादीत आहे, तरी सापडत नाही. यादी ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्टने चाळतो. शेवटी मी ते नाव परत टाइप केलं आणि चालू झालं. का झालं, कळलं नाही. आणि पीडीएफ बिलात मराठी अक्षरं तुटतात, त्याचंही काही सांगाल का? नाव छापू नका.’

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सहाशे बुकमार्कची मला काळजी वाटली नाही. ‘परत टाइप केलं आणि चालू झालं. का झालं, कळलं नाही’ या दोन वाक्यांवर मात्र मी थांबले. तुझ्या हातात त्या आठवड्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट आली होती आणि ती तू पुसून टाकलीस. म्हणून सवयीचं नंतर बोलू, आधी तुझा मसाला शोधू.

‘वऱ्हाड’ या शब्दात ‘ह’च्या आधी पापणीसारखा दिसणारा अर्धा र आहे. मराठीला तो लागतोच. आचार्यांना बोलावणं आणि आचाऱ्यांना बोलावणं यातला सगळा फरक त्या एका पापणीत आहे. संगणकात तो दोन वाटांनी लिहिता येतो. पहिली वाट म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग ह. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, या टिंबवाल्या ऱ ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९३१. दुसरी वाट म्हणजे साधा र, मग हलन्त, मग ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचं न दिसणारं चिन्ह, मग ह. हे चिन्ह मध्ये नसेल तर र उडी मारून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि ‘वर्हाड’ असं दिसतं. कोणाचा कळफलक पहिल्या वाटेने जातो, कोणाचा दुसऱ्या. स्क्रीनवर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. जावास्क्रिप्टच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द आहेत.

पुन्हा कधी अडलास तर ब्राउझरचा कन्सोल, म्हणजे जावास्क्रिप्टची ओळ थेट चालवून बघायची खिडकी, उघड आणि दोन्हींची लेंग्थ, म्हणजे चिन्हांची संख्या, विचार. पहिल्या ‘वऱ्हाड’ची ६ येईल: व, ऱ, हलन्त, ह, काना, ड. दुसऱ्याची ७ येईल, कारण ते न दिसणारं चिन्हही मोजलं जातं. डोळ्यांना एकच दिसणाऱ्या शब्दाचे असे दोन आकडे समोर आले की दोन दिवसांचं कोडं दोन मिनिटांत सुटतं. तुझ्या यादीत बहुधा एका वाटेचा शब्द होता आणि सर्चच्या चौकोनात दुसऱ्या वाटेचा पडत होता. तू परत टाइप केलंस तेव्हा यादीतला शब्द तुझ्या कळफलकाच्या वाटेवर आला, म्हणून चालू झालं. पण ग्राहकांचे फोन तेच आहेत. उद्या दुसऱ्या वाटेचा कळफलक असलेला कोणी आला की तुझा मसाला पुन्हा गायब.

उपाय असा. यादी साठवताना आणि सर्चमध्ये आलेला शब्द तपासताना, दोन्ही ठिकाणी, ‘र, हलन्त, जॉइनर’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाल. त्याआधी एनएफसी नॉर्मलायझेशनही, म्हणजे एकच अक्षर लिहिण्याच्या निरनिराळ्या रीती एका रीतीत आणणं, करून घे, कारण र आणि खालचं टिंब वेगवेगळं आलं तर एनएफसी ते जोडून ०९३१ करतं. नुसत्या एनएफसीवर मात्र भागत नाही, जॉइनरच्या वाटेला ते हात लावत नाही. आणि चिडून सगळे जॉइनर सरसकट उडवू नकोस, नाहीतर त्या आचाऱ्यांचे आचार्य होतील.

आता तुझ्या सवयीकडे येते. ती सोडू नकोस. पण तू साठवतोयस ते चुकीचं साठवतोयस. तू साधन ठेवतोस, आणि अडलं कुठे होतं ते टाकून देतोस. ‘युनिकोड तपासणारी साइट’ असा बुकमार्क सहा महिन्यांनी तुझ्याशी काही बोलणार नाही. ‘वऱ्हाडी शोधलं, सापडलं नाही, लेंग्थ ६ आणि ७ आली, कारण न दिसणारं चिन्ह, उपाय असा’ या चार ओळी दहा वर्षांनीही बोलतील. साइट बंद पडली तरी बोलतील. मी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असंच लिहिते. वर तारीख, मग काय अडलं, मग काय बघितलं, मग काय निघालं. साधनाचं नाव त्यात येतं, पण शेवटी येतं.

त्या फाइलमधल्या दोन गोष्टी सांगते, कारण दोन्ही तुझ्या क्लायंटना लागणाऱ्या आहेत.

एका क्लासच्या साइटवर अभिप्रायाचा फॉर्म होता. पालकांचे मराठी संदेश नीट येत होते, पण काही मध्येच तुटलेले असायचे. ‘सरांनी मुलीकडे खूप लक्ष दिलं, त्यांना आमचा’ आणि पुढे काहीच नाही. क्लासवाल्यांना वाटायचं, लोक अर्धवट लिहून सोडतात. मलाही कितीतरी दिवस तसंच वाटलं. मग एका पालकाने फोनवरून पाठवलेला मूळ मजकूर दाखवला. तुटलं होतं बरोबर तिथे, जिथे त्याने जोडलेल्या हातांची इमोजी टाकली होती. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये अक्षरं साठवायचा ‘यूटीएफ८’ या नावाचा जो जुना प्रकार आहे, तो एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट देतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांत बसतं, म्हणून मराठी सुखरूप जात होती. इमोजीला ४ लागतात. डेटाबेस कडक मोडमध्ये असता तर त्याने एरर तरी दिली असती. आमचा नव्हता, त्यामुळे इमोजीपासून पुढचं सगळं तो गुपचूप कापत होता. ‘यूटीएफ८एमबी४’ हा पुरा प्रकार २०१० मध्येच आला होता, आणि २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून तोच आपोआप मिळतो. पण जुन्या सर्व्हरवरून उचलून आणलेल्या टेबलांमध्ये जुना प्रकार अजून सापडतो. तुमच्या दोन्ही क्लासेसची टेबलं या आठवड्यात उघडून बघ. पालकांनी मनापासून लिहिलेलं असं अर्ध्यात हरवतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट एसएमएसची, तुमच्या पतसंस्थेसाठी. एका पतसंस्थेच्या हप्त्याच्या आठवणीचे संदेश आम्ही इंग्रजीतून मराठीत केले, सभासदांना कळावेत म्हणून. महिन्याचं बिल आलं ते दुपटीच्या वर. एका एसएमएसमध्ये मजकुराला १४० बाइटांची जागा असते. इंग्रजी अक्षरं ७ बिटांत बसवतात, म्हणून १६० मावतात. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे १६ बिट, म्हणून फक्त ७०. काना, मात्रा, हलन्त, सगळे वेगळे मोजायचे. नुसता ‘नागपूर’ शब्द सहा घरं खातो. संदेश ७० च्या पुढे गेला की तो तुकड्यांत जातो, आणि तुकडे जोडण्याची माहिती ठेवायला जागा लागते म्हणून प्रत्येक तुकड्यात ६७ च उरतात. हे कळल्यावर आम्ही मराठी सोडली नाही. बसून वाक्यं घासली. ‘आपणांस कळविण्यात येते की’ काढलं, ‘हप्ता १० तारखेला’ ठेवलं, आणि बहुतेक संदेश ७० मध्ये आले. सभासदांनाही ते जास्त कळले. त्याच महिन्यात आणखी एक सापडलं. इंग्रजी संदेशात रुपयाचं नुसतं एक चिन्ह आलं तरी अख्खा संदेश १६ बिटांवर जातो, कारण ७ बिटांच्या तक्त्यात ते चिन्हच नाही. एका चिन्हाने १६० चे ७० होतात.

ही चिल्लर आहे का, तूच सांग. एका संस्थेचं दर महिन्याचं बिल त्या माहितीने उतरलं.

तुमच्या सरांचंही अगदीच चूक नाही. दुपारी तीनला क्लायंटची साइट बंद असताना तू रंगांच्या जोड्या बघत असशील तर त्यांनी बोलायलाच हवं. शोध आणि भटकणं यातली ओळख सोपी आहे: अडलं म्हणून शोधतोयस, की समोर आलं म्हणून उघडतोयस? अडलं असेल तर लागेल तेवढा वेळ दे. समोर आलं असेल तर नाव टिपून ठेव आणि पुढे जा. सरांना पटवायचं असेल तर त्यांच्यापुढे साधनांची यादी ठेवू नकोस, एक वाचलेला दिवस ठेव. ‘परवापर्यंत चालत होतं’ हे वाक्य तुमच्याही ऑफिसात ऐकू येत असेलच. पुढच्या वेळी ते ऐकू आलं की कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटचं ‘गिट बायसेक्ट’ लावून दाखव. चांगला कमिट, म्हणजे नोंदवून ठेवलेला बदल, कोणता आणि बिघडलेला कोणता एवढं सांगितलं की ते प्रत्येक वेळी मधला कमिट काढून देतं, आणि प्रत्येक तपासणीत शोध निम्मा होतो. हजार कमिट असले तरी दहाएक तपासण्यांत नेमका कोणत्या बदलाने घात केला ते हाती येतं. हे एकदा डोळ्यांदेखत झालं की सर पुन्हा विचारणार नाहीत.

साधनं निवडताना माझा कल ठरलेला आहे. आधी जे ब्राउझरमध्येच आहे ते. तिथे इतकं आहे की बाहेर जायची गरज कमी पडते. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्कच्या टॅबमध्ये एखाद्या रिक्वेस्टवर, म्हणजे सर्व्हरकडे गेलेल्या मागणीवर, राइट क्लिक करून ‘कॉपी ॲज कर्ल’ घेतलं की तीच रिक्वेस्ट टर्मिनलमधून, लॉगिनची ओळख ठेवणाऱ्या कुकीसकट, हवी तेवढ्या वेळा मारता येते. बॅकएंडवाल्याशी वाद घालण्याऐवजी ती ओळच त्याला पाठवायची, मात्र आधी आतली कुकी पुसून. त्याच टॅबमध्ये नेट मुद्दाम मंद करायची सोय आहे. आयटी पार्कच्या वायफायवर पळणारी साइट तालुक्याच्या गावातल्या फोनवर कशी उघडते, ते जागेवर बसून कळतं. आणि जावास्क्रिप्टमधली, आकडे त्या त्या भाषेच्या रीतीने मांडणारी ‘इंटल’ नावाची सोय बघितली नसशील तर आजच बघ. त्याला भाषा ‘मराठी, भारत’ सांगून रक्कम दिली की ‘१२,३४,५६७’ असं, देवनागरी अंकांत, लाखाचा स्वल्पविराम बरोबर घालून मिळतं. हिंदी सांगितलं तर अंक इंग्रजी येतात. आपल्या भाषेची ही पसंती कोणीतरी नीट नोंदवून ठेवली आहे, हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

एका बाबतीत मात्र मी तुला कडक शब्दांत सांगणार आहे. तुझ्या सहाशेत जेसन, म्हणजे डेटा लिहायची एक रीत, सुबक करून देणाऱ्या, टोकन, म्हणजे लॉगिनची ओळखचिठ्ठी, उलगडून दाखवणाऱ्या, एक्सेलची सीएसव्ही करून देणाऱ्या साइट असणार. त्यात पतसंस्थेचा खरा डेटा कधी पेस्ट केलास का? सभासदाचं नाव, मोबाइल, थकबाकी? केला असशील तर आजपासून बंद. चौकोनात टाकलेला मजकूर तुझ्याच ब्राउझरमध्ये राहतो की त्यांच्या सर्व्हरवर जातो, हे साइट बघून कळत नाही. नेटवर्कचा टॅब उघडा ठेवून खोटा डेटा टाक आणि काही बाहेर जातंय का ते बघ. ‘सेव्ह करून लिंक घ्या’ असं बटण असेल तर समजून घे की तिथे साठवण आहे, आणि ती लिंक मिळणाऱ्या कोणालाही ते वाचता येईल. जेसन तर तुझा एडिटरच नीट मांडून देतो. टोकनचं मधलं पान उलगडायला कन्सोल पुरतो, कारण नेहमीच्या सहीच्या टोकनमध्ये ते कुलूपबंद नसतं, नुसतं कोणालाही उलगडता येणाऱ्या बेस-६४ मध्ये लिहिलेलं असतं. २०२३ पासून आपल्याकडे व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदा आहे. पण कायदा नसता तरी हेच सांगितलं असतं. थकबाकी असलेल्या माणसाने ती गोष्ट पतसंस्थेला विश्वासाने सांगितलेली असते, आपल्याला नाही.

तसंच बाहेरच्या पत्त्यावरून साइटमध्ये ओढलेल्या स्क्रिप्टचं. पॉलिफिल डॉट आयओ ही जुन्या ब्राउझरना सांभाळून घेणारी सेवा वर्षानुवर्षं लोक एका ओळीत जोडत होते. २०२४ च्या फेब्रुवारीत तो डोमेन दुसऱ्याच्या हाती गेला. ज्याने ती सेवा मुळात उभी केली होती, त्यानेच तेव्हा सांगितलं की ती ओळ काढून टाका. जूनमध्ये दिसून आलं की त्याच पत्त्यावरून घातक कोड येतोय आणि मोबाइलवरच्या लोकांना भलत्याच साइटवर नेलं जातंय. लाखाहून जास्त साइट त्यात सापडल्या. तुझ्या जुन्या प्रोजेक्टमध्ये अशी ओळ आहे का, एकदा शोध. लागेल ती फाइल आपल्या सर्व्हरवर ठेवावी.

जिजाजींचा सल्ला मान. एक फ्रेमवर्क पक्कं असावं, नोकरी त्यावर मिळते. पण जेक्वेरी २००६ ची, अँग्युलरजेएस २०१० ची आणि तिचा आधार २०२१ संपताना संपला, रिॲक्ट २०१३ ची. या प्रत्येकीवर लोकांनी ‘आता हेच’ म्हणून घर बांधलं. ०९३१ हा क्रमांक मात्र टिंबवाल्या ऱ कडून कोणी काढून घेणार नाही, कारण एकदा दिलेला क्रमांक बदलायचा नाही हे युनिकोडचं धोरण आहे. तू फ्रेमवर्कच्या खालच्या थरात जे शिकतोयस, बाइट, अक्षरं, नेटवर्क, ते कोणत्याही फ्रेमवर्कमध्ये तुझ्यासोबत येईल. पुण्या-हैदराबादच्या मित्रांशी स्वतःला मोजू नकोस. त्यांच्या टेबलावर ‘वऱ्हाडी’ न सापडण्याचा बग येतच नसेल, तुझ्या टेबलावर आला.

म्हणूनच मराठीत लिही. कोण वाचतं, असं तुझे मित्र विचारतात. अमरावतीला, यवतमाळला, चंद्रपूरला तुझ्यासारखंच कोणीतरी या क्षणी एखाद्या दुकानाची मराठी साइट करत असेल आणि त्याचाही सर्च असाच फसत असेल. या अडचणी मराठीत काम करणाऱ्यालाच येतात, तर त्या मराठीत लिहिलेल्या असायला नकोत का? शब्दांसाठी अडून बसू नकोस. कॅश, कुकी, टोकन, डिप्लॉय हे जसे बोलतोस तसेच लिही, कोड जसाच्या तसा ठेव, आणि काय झालं ते मात्र घरच्या भाषेत सांग. माझी एक कसोटी आहे. आयटी पार्कच्या रस्त्यावर तर्री पोहे खाताना शेजारच्या मित्राला ती गोष्ट सांगायची. प्लेट संपेपर्यंत त्याला समजली, तर संध्याकाळी लिहायची. नाही समजली, तर मलाच ती अजून नीट कळलेली नसते, मग मी परत कन्सोल उघडते.

पुढच्या रविवारी त्या सहाशेतले सगळ्यात जुने वीस उघड. प्रत्येकाशेजारी, तेव्हा काय अडलं होतं ते आठवून एक ओळ लिही. आठवत नसेल ते बिनधास्त काढून टाक.

आता तुझं पीडीएफ. मराठीत पहिली वेलांटी संगणकाच्या स्मृतीत अक्षरानंतर येते, पण कागदावर आधी काढावी लागते. जोडाक्षरांचंही तसंच, फॉन्टमध्ये त्यांचे वेगळे आकार असतात आणि ते निवडून बसवावे लागतात. या बसवण्याला शेपिंग म्हणतात. क्रोम आणि फायरफॉक्स त्यासाठी हार्फबझ नावाचं इंजिन वापरतात, म्हणून साइटवर तुझं बिल नीट दिसतं. पीडीएफ करणाऱ्या बऱ्याच हलक्या लायब्रऱ्यांमध्ये शेपिंगच नसतं. त्या अक्षरं मिळतील त्या क्रमाने ओळीत मांडतात. फॉन्ट बदलून काही होणार नाही, तो प्रयोग तू बहुधा करून दमला असशील. बिल एचटीएमएलमध्ये बनव आणि सर्व्हरवर हेडलेस, म्हणजे खिडकी न उघडता चालणाऱ्या, क्रोमकडून त्याचं पीडीएफ काढून घे. सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट टाकायला विसरू नकोस, नाहीतर नुसते चौकोन येतील. तपासायला तीन शब्द छाप: ‘पिशवी’, ‘विद्यार्थ्यांच्या’ आणि ‘वऱ्हाडी’. पिशवीच्या जागी ‘पशिवी’ उमटली की समज, शेपिंग होत नाहीये. तिन्ही सरळ आले तर इतवारीच्या व्यापाऱ्यांची बिलं बिनघोर पाठव, आणि त्या दिवसाची नोंद मलाही पाठव.